तिसरी चाचणी

ऑफिसात तिला सगळे खाजबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागचं बोलणं फार दिवस पाठीमागे राहत नाही, त्यामुळे तिला ते पहिल्याच वर्षी कळलं. राग आला नाही. पोटापाण्याचा धंदाच खाजेचा, तर लोक काय गुलाबबाई म्हणणार?

तिचं काम असं. कारखान्यांत रोज नवी रसायनं निघतात. कुणी रंग घट्ट करतं, कुणी फोम फुगवतं, कुणी लाकडाला लाकूड चिकटवतं. बाजारात जाण्याआधी ती खाजबाईच्या टेबलावर यायची, आणि तिनं सांगायचं, की याच्यामुळे माणसाच्या कातडीला किंवा श्वासाला अ‍ॅलर्जी जडेल का. जडेल म्हटलं, की डब्यावर ठळक अक्षरांत इशारा छापावा लागायचा आणि कारखानदाराचं तोंड एवढंसं व्हायचं. म्हणून ही मंडळी आपापलं रसायन घेऊन यायची ती लग्नाच्या मुलीचा बाप येतो तशी. अगदी गरीब आहे हो मॅडम, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आजवर कुणाला दुखावलं नाही.

त्यातला एक गोंदवाला तर येईल तेव्हा स्वतःच्या गोंदात बोट बुडवून दाखवायचा. "बघा मॅडम. झालं काही?"

"पहिल्यांदा काही होत नाही," खाजबाई म्हणायची. "शरीर आधी नुसती ओळख करून घेतं. मग डूख धरतं. आणि एकदा डूख धरला, की जन्मभर विसरत नाही. पुढच्या भेटीत थेंबभर लागला तरी पुरतो."

गोंदवाल्याला ते पटायचं नाही. पुढच्या खेपेला पुन्हा बोट. शेवटी एकदा स्वारी आली ती बोटाला भलंमोठं बँडेज बांधून, आणि साळसूदपणे विचारू लागली, की हा दोष गोंदाचा म्हणायचा की बँडेजचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. खाजबाई हसली नाही, पण घरी येऊन ते सांगताना मात्र तिला दोनदा थांबावं लागलं.

निकाल द्यायची तिच्याकडे पक्की रीत होती. कातडीसाठी तीन चाचण्या. एकीत बघायचं, की रसायन प्रथिनाला जाऊन चिकटतं का. दुसरीत बघायचं, की बशीत वाढवलेल्या कातडीच्या पेशी बोंब मारतात का. तिसरीत, शरीराच्या पहारेकरी पेशी झोपेतून उठतात का. तीनपैकी दोघींनी 'हो' म्हटलं की गुन्हा शाबीत. पहिल्या दोघींचं एकमत झालं तर तिसरी करायचीही गरज नाही. श्वासाचं प्रकरण याहून अवघड. त्याला असा बशीतला नियम नाही, तिथं कामगारांशी बोलत बसावं लागतं. खोकला कधी येतो? सुट्टीत बरं वाटतं? कामावर परतलात की पुन्हा सुरू होतो? सुट्टीत बरं आणि कामावर वाईट, तर चोर कामाच्या जागीच दबा धरून बसलेला असतो.

आता ऑफिसची रीत माणसानं ऑफिसात ठेवावी. खाजबाई ती पिशवीत घालून घरी आणायची. कलिंगड घेताना तीनपैकी दोन. घरकामाला बाई ठेवताना तीनपैकी दोन. सासूबाईंचा गुडघा खरंच दुखतोय की पाहुणे यायचेत म्हणून दुखतोय, हेसुद्धा ती तीनपैकी दोनवर ठरवायची आणि वर सासूबाईंना सांगायची. सासूबाई म्हणायच्या, "मला मेलं कलिंगडाच्या रांगेत बसवलं हिनं."

घरात माणसं तीनच. ती, सासूबाई आणि नवरा. नवरा एका कंपनीत मशिनं दुरुस्त करायचा. ती कंपनी एके दिवशी शटर ओढून मोकळी झाली. बाकीच्यांनी इकडेतिकडे कामं शोधली. हा घरी आला आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. बसला तो उठलाच नाही म्हणा ना. भांडला नाही, रडला नाही, कुणाला शिव्या दिल्या नाहीत. चहा दिला की प्यायचा. नाही दिला तर मागायचा नाही, आणि हे दुसरं जास्त वाईट होतं. संध्याकाळी खाजबाई जिना मुद्दाम सावकाश चढायची, कारण दार उघडलं की आधी ती खुर्ची दिसायची आणि खुर्चीत तो. खुर्चीची बैठक मधोमध खोल गेली होती. तिला त्या खुर्चीची भीती वाटायला लागली होती, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

मग घरातल्या चहाच्या टेबलाची फळी चिरली, आणि देव पावला. नवऱ्यानं फोनवर कुठंतरी पाहिलं, की रेझिन नावाचा पातळ पदार्थ आणि त्याचा हार्डनर एकत्र कालवून ओतला, की तो काचेसारखा घट्ट होतो. त्यानं दोन बाटल्या आणल्या, चीर भरली, घासली, पॉलिश केलं. त्या दिवशी जेवताना माणूस आपणहून बोलला. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला. कित्येक महिन्यांत पहिलं वाक्य, आणि तेही तक्रारीचं. खाजबाई मीठ द्यायचं विसरून त्याच्याकडे बघतच राहिली.

त्यानंतर बाल्कनीचा कारखाना झाला. लाकडाची फळी मधोमध चिरायची, दोन तुकड्यांत निळं रेझिन ओतायचं, की नदी वाहते आहे असं टेबल तयार. पहिलं टेबल सासूबाईंच्या खोलीत गेलं, दुसरं नणंदेकडे, तिसरं शेजाऱ्यांकडे. पुढं पुढं नातेवाईक वाढदिवसाच्या तारखा सांगेनात. इमारतीत त्याला टेबलवाले म्हणू लागले. आणि मग गल्लीच्या टोकाच्या वाचनालयानं वाचायला बसायचं एक लांबलचक टेबल सांगितलं, स्वतःहून, हा जाऊन गळ्यात न पडता. त्या दिवशी नवरा आंघोळ करताना गात होता. गळा वाईटच होता, पण घरात कुणी तक्रार केली नाही.

खाजबाईला आनंद झाला, पण भीतीही होती. रेझिन आणि हार्डनर, दोघंही तिच्या धंद्यातले नामचीन. त्यांच्या डब्यांवरचा इशारा तिच्यासारख्यांनीच छापायला लावलेला. पण पिकतं तिथं विकत नाही. कारखानदार जिच्यासमोर चळचळा कापायचे तिचं घरात कोण ऐकतं?

"अहो, हे साधं नाही," ती म्हणाली.

"अगं, मध आहे मध. बघ तरी किती नितळ."

"गोंदवाल्यालाही तसंच वाटायचं."

"तुला ना, नवीन कापडाचाही वास घेऊन बघायची सवय आहे," नवरा म्हणाला आणि हसला. हसला म्हणून तिचं तोंड बंद झालं. एवढ्या महिन्यांनी हसणाऱ्या माणसाला कोण दटावणार?

शेवटी तिनं अटी घातल्या. काम फक्त बाल्कनीत, पंखा बाहेरच्या बाजूला तोंड करून, तोंडावर मास्क. आणि हातमोजे. ते आणायला ती स्वतः तीन दुकानं फिरली. काळे, जाड रबराचे, कोपराच्या खालपर्यंत येणारे. नवऱ्यानं ते घालून दाखवले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बाळ्या, गटार साफ करायला निघालास का रे?" बाळ्याचं वय पंचावन्न. पण खाजबाई गंभीर होती. तिनं त्याचा काळा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "माझी शपथ घ्या. हातमोज्यांशिवाय त्या बाटलीला हात लावणार नाही."

"तुझी शपथ," नवरा म्हणाला.

पहिले दोनेक महिने छान गेले. मग उकाड्याच्या दिवसांत नवरा लांब बाह्यांचा शर्ट घालून फिरू लागला. विचारलं तर म्हणाला, डास आहेत. डास होते, पण ते घरातल्या एकाच माणसाच्या दोनच हातांवर कसे बसतील? खाजबाईनं कान टवकारले. बातमी काढायला लांब जावं लागलं नाही. सासूबाईंइतकी खबर एखाद्या ठाणेदाराकडे नसेल.

"अगं, दुपारी दाराच्या चौकटीला हात घासत उभा होता," त्या स्वयंपाकघरात येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या. "मांजर घासतं तसा. मी म्हटलं काय रे, तर म्हणे चौकटीवरची धूळ पुसतोय. जन्मात कधी धूळ पुसली नाही यानं."

रविवारी दुपारी तो घोरत असताना तिनं हळूच बाही वर सरकवली. हाताची पाठ लाल, मनगट लाल, त्यावर बारीक बारीक फोड, आणि लाली पार कोपराच्या खालपर्यंत. तिनं बाही तितक्याच हळूच खाली ओढली. पहिली चाचणी, 'हो'.

दुसऱ्या चाचणीसाठी तिनं त्याला नणंदेकडे पाठवलं. टेबलाचा पाय डुगडुगतोय म्हणे, असं सांगून. आठवड्यानं परत आला तो हात स्वच्छ घेऊन. पुन्हा वाचनालयाच्या टेबलाला लागला आणि पुन्हा चौकटी घासू लागला. सुट्टीत बरं, कामावर वाईट. दुसरी चाचणी, 'हो'. दोघींचं एकमत झालं, खटला संपला. तिनं हजार वेळा असे निकाल त्याच दिवशी लिहून मोकळे केले होते. या वेळी मात्र तिनं तो निकाल चार दिवस मनात दाबून ठेवला, कारण बाल्कनी बंद केली की तो कुठं जाऊन बसणार हे तिला ठाऊक होतं. पण आज कातडी, उद्या श्वास. हार्डनरच्या वाफेनं छाती धरून दमा जडेपर्यंत वाट बघायची का?

तिनं जेवणं झाल्यावर विषय काढला. नवऱ्यानं आधी साबणाला दोष दिला. मग घड्याळाच्या पट्ट्याला. मग कपडे धुवायच्या पावडरीला. एकदा तर खोलीतल्या पालीकडेही बोट दाखवलं.

"सगळं तपासलंय मी," ती म्हणाली. "रेझिन आहे ते. शरीरानं डूख धरलाय. आता ते सोडायलाच हवं."

"तुमच्या कायद्यात तीन चाचण्या असतात ना? तिसरी कुठंय?"

"दोन पुरतात."

"खुन्यालासुद्धा वकील मिळतो," नवरा म्हणाला. मग पुढं काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. त्याला काही सांगायचं होतं, असं तिला क्षणभर वाटलं. पण निकाल देऊन झाल्यावर ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती.

"चांगला हसायला लागला होता गं," सासूबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, आणि गुडघ्याला हात न लावता उठून आत गेल्या. खाजबाईला वाटलं होतं, तो भांडेल, दोन दिवस जेवणार नाही, चोरून काम करेल. तो काही करेना. सकाळी त्यानं वाचनालयाच्या अर्धवट टेबलावर जुनी चादर पांघरली, चारी बाजूंनी नीट खोचली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला.

हात महिन्याभरात लख्ख बरे झाले. निकाल शंभर नंबरी खरा ठरला. माणूस मात्र पुन्हा हरवला. वाचनालयाचा फोन वाजायचा, तो उचलायचा नाही. ती उचलायची आणि "होईल हो, वाळतंय अजून" असं धडधडीत खोटं सांगायची. एकदा तिनं भाजीत मुद्दाम मीठ घातलं नाही. तो मुकाट्यानं ताट संपवून उठला. सासूबाईंनी एक घास खाल्ला, सुनेकडे पाहिलं, आणि त्याही काही बोलल्या नाहीत. त्या घरात सासूबाई गप्प बसणं म्हणजे काय, हे शेजाऱ्यांना विचारा.

अशात ऑफिसात एका रंगाच्या पावडरीचं प्रकरण आलं. दोन चाचण्या झाल्या, दोन्ही 'हो'. साहेब म्हणाले, सही करा. खाजबाई पेन हातात धरून बसली आणि म्हणाली, "तिसरीपण करूया."

"तिसरी कशाला? नियमाला लागत नाही."

"उगाच," ती म्हणाली. साहेब बघतच राहिले, कारण खाजबाईच्या तोंडून उगाच हा शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता. तिसरीही 'हो'च आली आणि पावडरीचा निकाल लागला. पण तिच्या डोक्यातला किडा गेला नाही. दोन वाजता तिनं आपल्या शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. ही मैत्रीण कातडीची डॉक्टर.

"घेऊन ये त्यांना," डॉक्टरीण म्हणाली. "आणि हाताला लागतं ते सगळं आण. सगळं म्हणजे सगळं. तुला आवडतं तेवढंच नको."

घरी तिनं खुर्चीसमोर उभं राहून सांगितलं. नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आता कशाला? बरा झालो की."

"मला तिसरी चाचणी हवीय," ती म्हणाली. तेव्हा कुठं त्यानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

डॉक्टरणीचा दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर खाजवणारे, आत खाजवून झालेले. नवऱ्यानं पिशवी टेबलावर उपडी केली. रेझिन, हार्डनर, साबण, पॉलिश, घड्याळाचा पट्टा, सासूबाईंनी चोरून लावायला दिलेलं तेल, आणि तळाशी घडी केलेले काळे हातमोजे. डॉक्टरणीनं एकेकाचा कणभर अंश पातळ करून बारीक बारीक चकत्यांत घातला. मग कात्री घेतली आणि हातमोज्याचा एक तुकडा कापला.

"अगं, तो कशाला?" खाजबाई म्हणाली. "तो तर संरक्षणासाठी आहे."

"चोरी झाली की मी पहारेकऱ्याचीही झडती घेते," डॉक्टरीण म्हणाली. "भावोजी, शर्ट काढा."

नवऱ्याच्या पाठीवर चकत्यांच्या ओळी चिकटल्या, शेजारी शाईनं आकडे पडले. दोन दिवस आंघोळ नाही, घाम नाही, खाजवणं नाही. नवरा पालथा झोपायचा, उभ्यानं चहा प्यायचा आणि चौकटीजवळून जाताना तिच्याकडे आशेनं बघायचा. सासूबाई त्याच्या मागून फिरायच्या. "पाठीवर मेलं रेशनचं कार्ड केलंय पोराचं," असं म्हणायच्या आणि चौकटीत आडव्या उभ्या राहायच्या. आणि खाजबाई, जिनं उभ्या जन्मात आपला निकाल चुकावा असं कधी मनात आणलं नव्हतं, ती कपडे वाळत घालताना मनातल्या मनात म्हणत होती, चुकू दे. एकदाच चुकू दे.

दोन दिवसांनी चकत्या निघाल्या, आणि डूख सावकाश वर येतो म्हणून आणखी दोन दिवसांनी डॉक्टरणीनं पुन्हा पाठ बघितली. दिवा जवळ ओढला. एकेका आकड्यावर बोट ठेवलं. "रेझिन, काही नाही. हार्डनर, काही नाही. साबण, नाही. पट्टा, नाही. आईंचं तेल, नाही, पण वास भयंकर आहे." मग बोट एका लालभडक, सुजलेल्या चौकोनावर थांबलं. "आणि हे आपले पहारेकरी."

खाजबाई वाकून बघत राहिली. आकडा तिनं तीनदा वाचला.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस की गं," डॉक्टरीण म्हणाली. "रबर ताणलं जावं, लवकर पक्कं व्हावं म्हणून त्यात काय काय घालतात, ते मी तुला सांगायचं? आणि लाली कुठपर्यंत होती म्हणालीस? कोपराच्या खाली रेघ मारल्यासारखी संपत होती ना? अगं, सांडलेलं रेझिन ठिपके पाडतं, रेघ मारत नाही. रेघ हातमोजा मारतो."

तोंडात मारल्यासारखी खाजबाई स्टुलावर बसली. रबरातली ती रसायनं तिला पाठ होती. त्यातल्या दोघातिघांवर तिचीच सही होती, होय, अ‍ॅलर्जी करतात, म्हणून. पण हातमोजा तिनं स्वतः आणला होता, तीन दुकानं फिरून आणला होता, त्यामुळे तो संशयितांच्या रांगेत उभा करायचं तिच्या मनातच आलं नाही. तो पडला तिच्या बाजूचा. दोन चाचण्या केल्या तिनं, पण दोन्ही वेळा काम म्हणजे रेझिन असं धरून चालली. काम म्हणजे हातमोजाही, हे एखादं पोरही म्हणालं असतं.

"मला वाटलंच होतं," नवरा शर्टात हात घालत हळूच म्हणाला.

"काय वाटलं होतं?"

तो बटणं लावत राहिला. एक बटण चुकलं, ते काढून पुन्हा लावलं. "तुमच्या ऑफिसात ती मोठी तपासणी चालली होती बघ, तू उशिरा यायचीस. तो आठवडाभर मी हातमोजे घातलेच नाहीत. उकडायचं फार. आणि हात सुधारले."

खाजबाईचा आवाज वर गेला. "उघड्या हातांनी? रेझिनमध्ये?"

"काही झालं नाही गं."

"पहिल्यांदा काही होत नाही. आज पाठीवर उमटलं नाही म्हणून उद्या उमटणार नाही का? हजार वेळा सांगितलं त्या गोंदवाल्याचं, आणि माझ्या घरात माझाच नवरा बोटं बुडवतोय."

"भांडण बाहेर जाऊन करा," डॉक्टरीण म्हणाली. "बाहेर पेशंट बसलेत, त्यांना ऐकायला आवडेल."

ते बाहेर आले आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभे राहिले. खाजबाईला अजून एक गोष्ट जुळत नव्हती. "हात सुधारले म्हणता. मग पुन्हा बिघडले कसे? मी बाही वर केली ते त्या तपासणीच्या नंतर."

"पुन्हा घातले ना हातमोजे."

"खाजतं हे कळल्यावर?"

"अंदाज होता. नक्की कुठं माहीत होतं?"

"मग घातलेत कशाला?"

"तुझी शपथ होती," नवरा म्हणाला. "एकदा मोडली, तर आठवडाभर जीव थाऱ्यावर नव्हता. तू ऑफिसातून यायला दहा मिनिटं उशीर झाला, की वाटायचं, झालं, लागली शपथ. म्हणून परत घातले."

"आणि मी निकाल दिला तेव्हा? तेव्हा तरी बोलायचं."

"बोललो असतो, तर तुझी शपथ मोडली हेही सांगावं लागलं असतं. तू त्या रेझिनला एवढी घाबरतेस. तुला फसवलं म्हणून सांगण्यापेक्षा खुर्ची बरी वाटली."

 हा माणूस आपलं अक्षरही ऐकत नाही, हा तिचा फार जुना निकाल होता. औषध सांगितलं, घेतलं नाही. शटर ओढलेल्या कंपनीवर मोर्चा न्या म्हटलं, गेला नाही. तीनपैकी दोन, खटला बंद. तिसरी चाचणी तिनं कधी केलीच नव्हती, आणि इथं हा माणूस तिचा शब्द कातडी सोलून निघेपर्यंत पाळत होता, वर तिच्यापासून लपवत होता, आणि चौकटी घासत होता. तिला रडू आलं. भर रस्त्यात, पायऱ्यांवर, पदराआड न जाता ती रडली, आणि जाणारी येणारी माणसं नवऱ्याकडे रागानं बघू लागली.

"अगं, लोक मला मारतील," तो म्हणाला.

येताना त्यांनी नवे हातमोजे घेतले. डॉक्टरणीनं नाव लिहून दिलं होतं तेच, ती रबरातली रसायनं नसलेले, जांभळे. खाजबाईनं दुकानातच पाकिटावरची बारीक अक्षरं शेवटपर्यंत वाचली, मागं रांग लागली तरी. जुने काळे तिनं घरी आल्या आल्या पिशवीत बांधून टाकून दिले. सासूबाईंना सगळं सांगितलं. गुडघा चोळत एवढंच म्हणाल्या, "माझ्याही गुडघ्याची तिसरी कर हो एकदा. मेली दोनात नेहमी नापास होते मी."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. नवऱ्यानं वाचनालयाच्या टेबलावरची चादर काढली. मास्क, लांब बाह्या, जांभळे हातमोजे, पंखा बाहेर तोंड करून. खाजबाईनं खिडकीजवळची खुर्ची उचलली. हलकी होती, एवढी हलकी असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती तिनं घराच्या दुसऱ्या टोकाला नेली, बाल्कनीच्या काचेच्या दाराशी ठेवली आणि स्वतः तिच्यात बसली. काचेपलीकडे निळं रेझिन फळीच्या मधून हळूहळू पसरत होतं, आणि नवरा श्वास रोखून त्यातले बुडबुडे फोडत होता.

सासूबाई पलीकडून आल्या, खुर्चीची नवी जागा पाहिली, खुर्चीतली सून पाहिली. "आता हिला काय झालं?" त्या म्हणाल्या.

ओतून झालं तसा तो आत आला. हातमोजे उलटे करून काढले, तिनं शिकवलं होतं तसे, हात धुतले, मास्क उतरवला. तिनं चहा पुढं केला. त्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"साखर कमी आहे," तो म्हणाला.

सासूबाईंनी साखरेचा डबा आणून सुनेच्या हातात दिला. ती डबा मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत बसली, आणि नवरा तोच चहा थंड होईपर्यंत फुंकून फुंकून पीत राहिला.